पाचवा घोडा

नागपूरच्या झिरो माइलला दगडी खांब आहे आणि चार घोडे आहेत. गेल्या मंगळवारी तिथे पाचवा उभा होता. नाव चेतक, मॉडेल 1986, मालक आबाजी. ते गेल्यापासून मी.

राणा प्रतापाच्या चेतकानं म्हणे जखमी पायानं धन्याला रणातून बाहेर काढलं. आमची चेतक धन्याला ऑफिसपर्यंत नेत नाही.

तिचा नंबर आबाजींनी लावला तेव्हा बाबांचं लग्नही व्हायचं होतं. गाडी दारात आली तेव्हा मी रांगत होतो. "पोट्टा नऊ महिन्यांत आला, स्कूटरले सहा वर्षं लागले," असं आजी आल्यागेल्याला सांगायची.

बडकस चौकाजवळ आबाजींचं गॅरेज होतं, म्हणजे वर टिना, खाली एक बाकडं आणि रॉकेलचा डबा. बोर्ड लावायची गरज त्यांना कधी वाटली नाही. गाडी वळणावर असतानाच ते सांगत, "प्लग नाई, कार्बोरेटरात कचरा आहे." गिऱ्हाईक बिचारं अजून उतरायचं असे. याच कानांना आजीची जेवायची हाक मात्र तिसऱ्या वेळेलाही पोचत नसे.

उन्हाळ्यात त्यांच्या एका खिशात प्लग आणि दुसऱ्या खिशात कांदा असे, ऊन लागू नये म्हणून. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला, तेव्हाही डोक्याला ओला दुपट्टा बांधून ते कोणाच्या तरी लुनाशी बोलत बसले होते. एकदा घाईत त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात प्लगऐवजी कांदा ठेवला. आबाजींवर विश्वास एवढा, की त्यानं उलटसुलट पाहून विचारलं, "कितीचा?"

2020 साली विजेवरची चेतक निघाली. पुढे शेजाऱ्यानं घेतली आणि कौतुकानं दाखवायला आणली. आबाजी तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "आवाजच नाई करत हे. हिचं दुखते कुठं, समजन कसं?"

तर तो कान मला मिळाला नाही, गाडी मिळाली. मंगळवारी कस्तुरचंद पार्कापाशी थांबून तर्री-पोहे हाणले, पुन्हा निघालो, आणि झिरो माइल येता येता गाडी मिसिंग मारत बंद पडली. तिरपी केली, चोक ओढला, किका मारल्या. बाराव्या किकेला माझाच चोक लागला. ओव्हर झाली असणार, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं असणार, असं ठरवून प्लग खोलला. तो काळाठिक्कर होता, पण तो तर नेहमीच असतो. लिटरमागे 20 मिली तेल पेट्रोलबरोबर जळतं, काजळी धरणारच. काड्यापेटीवर घासला. हुंगला तर पेट्रोलचा वासच नाही. आबाजी असते तर तिथेच थांबले असते. मी पुन्हा लाथा सुरू केल्या.

एव्हाना पाच-सहा तज्ज्ञ जमले होते. एकानं क्लच वायर सांगितली, एकानं गाडी भंगारात काढायला सांगितली.

शेवटी एक ऑटोवाला उतरून आला. "काऊन लाथा मारून राहिले भाऊ बिचाऱ्या गाडीले? कॉक त चालू करा."

त्यानं सीटखाली हात घातला, पेट्रोलचा कॉक फिरवला, थोडं थांबून एक किक मारली. सुरू!

आता सांगायलाच हवं. "गाडी उभी केली का कॉक बंद! नाई त पेट्रोल इंजनात उतरते." आबाजींनी शिकवलेल्या शंभर गोष्टींपैकी ही एकच मी जन्मात पाळली. पोहे खायला थांबलो तेव्हाही पाळली. कार्बोरेटरात उरलेल्या घोटभर पेट्रोलवर ती झिरो माइलपर्यंत आली, हे तिचे उपकार.

ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त हसला; ते महाग पडलं. अर्धा तास उशिरा ऑफिसला पोचलो, गाडी स्टँडला लावली, आणि माझं लक्ष जायच्या आत हात सीटखाली गेलेला होता.

कॉक बंद.