मार खाण्यापूर्वीची तयारी

नाशिककरहो, मार खायचाच असेल तर आता खाऊन घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्यात, पीडिताची इतकी काळजी आहे की धडधाकट माणसाला हेवा वाटावा. फक्त थोडी तयारी हवी.

जागा जपून निवडा. नाशिकरोड आणि सिन्नरच्या मध्ये कुठे पडलात, तर शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडच्या पोलिसांना भूगोलाची गोडी लागते. अशा वेळी मऊ आवाजात ‘कलम १७३’ म्हणा: हद्द कुणाचीही असो, दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची फिर्याद शून्य क्रमांकाने घ्यावीच लागते, मग ती योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करायची असते. पाय मोडला असेल तर तेवढ्यात बसवून घ्या. हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती पडली तर आनंदू नका, न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. नोंदच नाकारली तर आयुक्तांना किंवा अधीक्षकांना स्पीड पोस्ट, मग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. पोच जपा. जखम भरते, पोच हरवली की संपलं.

तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. फिर्यादीतला मोबाइल नंबर तपासा. एक आकडा चुकला की प्रगती भलत्यालाच कळते. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, तुम्हालाही मिळते, पण तुम्ही वकील लावलेला हवा. (आरोपीला ही अट नाही. त्याला आधीच कमी ताप आहे का?)

भरपाईसाठी सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण गाठा. आरोपी सापडला नाही तरी अर्ज चालतो. पोलिसांचं अपयश इथे तुमच्या कामी येतं. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र आधारवर ‘बाळासाहेब’ आणि पासबुकात ‘बाळू’ असाल, तर आधी स्वतःची ओळख पटवा, हल्लेखोराची नंतर.

धमक्या आल्या तर? तुम्हीही साक्षीदारच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत गुन्हा सहसा सात वर्षांपर्यंत किंवा जास्त शिक्षेचा लागतो, तेव्हा मारणाऱ्याला हात आखडता घेऊ नकोस म्हणा. धोका किती, हा अहवाल पोलिसच देतात. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने. चौथ्या महिन्यासाठी पुन्हा अर्ज.

आणि हे सगळं सिंहस्थ कुंभमेळ्याआधी उरका. नंतर साहेब बंदोबस्तात असतील.