शिकू नका, निवडत राहा

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला आज जे येतं ते जुनं झालेलं आहे. कधी झालं, कोणी ठरवलं, असल्या चौकश्या करत बसू नका. सकाळी ठाण्याच्या 10ए प्लॅटफॉर्मवर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायला जी गर्दी उभी असते, तिच्यातला कानात हेडफोन खुपसलेला प्रत्येक माणूस रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय असं समजून चला. तो बहुधा कालच्या मॅचच्या हायलाइट्स बघत असतो, पण ते तुम्हाला कळता कामा नये. ऐरोली येईपर्यंत तुमच्या पोटात गोळा यायला हवा. त्याशिवाय पुढची टेक्नॉलॉजी निवडण्यात मजा नाही.

गोळा यायला कारणं आहेत, हे मला मान्य आहे. घोडबंदरच्या टू बीएचकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. बाजूच्या टीममधला एकजण दोन महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, आहे आणि एचआरची मेल आली की त्याचा चेहरा उतरतो. शिवाय गणपतीत भेटणारे डोंबिवलीचे मामा असतातच: ‘तुमच्या आयटीत आता म्हणे कॉम्प्युटरच कोड लिहितो. मग तुम्ही काय करता रे दिवसभर?’ अशा वेळी माणसाने काहीतरी नवीन शिकायचं ठरवावं. ठरवावं, म्हटलं मी. शिकायला लागलात की संपलं. शिकणाऱ्याला दोन-चार आठवड्यांत कळून चुकतं की आपल्याला अजून काहीच येत नाही. ठरवणाऱ्याच्या वाट्याला हे दुःख येत नाही.

निवड कशी करायची? कामात कुठे अडतंय हे बघून निवडणारे काही लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आपण यादी बघायची. टिओबे नावाची एक यादी दर महिन्याला निघते, तिच्यात भाषांचे नंबर लावलेले असतात. ते नंबर सर्च इंजिनांवर कोणत्या भाषेच्या नावाने किती काय सापडतं त्यावरून लावतात. कोणती भाषा चांगली किंवा कोणत्या भाषेत जास्त कोड लिहिला गेला हे यातून कळत नाही, असं ती यादी काढणारेच सांगतात. सांगू देत. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचतो तशी ती वाचायची: पायथनला बढतीचा योग, पर्लने प्रवास टाळावा. पायथन 2021 च्या ऑक्टोबरात पहिल्या नंबरावर गेली. गिदो व्हॅन रोसम यांनी ती लोकांसमोर आणली होती 1991 मध्ये. तीस वर्षं समोर असलेली भाषा एका ऑक्टोबरात एकदम ‘नवीन’ कशी झाली, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

निवड झाली की एक शनिवार मोकळा काढा. तो शिकण्यात घालवायचा नसतो, तयारीत घालवायचा असतो. एडिटर, त्याची काळी थीम, टर्मिनलचा रंग आणि प्रोग्रामरसाठी खास बनवलेला एखादा फॉन्ट. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की अभ्यास जोरात चालू आहे असं घरच्यांनाही वाटतं. चहा जागेवर येतो. संध्याकाळी लागणारे सुटे भाग उतरवून घेणारा पॅकेज मॅनेजर लाल अक्षरांत सांगतो की या व्हर्जनबरोबर ते व्हर्जन चालत नाही. हा क्षण हातचा घालवू नका. ‘हे अजून मॅच्युअर झालेलं दिसत नाही’ एवढं म्हणायचं आणि दुसरी टेक्नॉलॉजी निवडायला मोकळं व्हायचं. सेलमध्ये घेतलेल्या व्हिडिओ कोर्सचं म्हणाल, तर पैसे भरले की निम्मं शिकून झाल्यासारखं वाटतंच. उरलेलं निम्मं गाडीत बघू म्हणता, आणि शिकवणाऱ्याचं ‘हॅलो गाइज’ होईतो दिघा गाव गेलेलं असतं.

क्षेत्र विचाराल तर फ्रंट-एंड, म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग, घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे निवडायला कधी कमी पडत नाही. गूगलचं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, 2010 मध्ये आलं. लोकांनी स्कोप, डायरेक्टिव्ह, डायजेस्ट सायकल असं सगळं घोकून पाठ केलं. 2016 च्या सप्टेंबरात अँग्युलर 2 आलं, तेही मुळापासून नव्याने लिहिलेलं. आधीचं घोकलेलं बरंचसं पाण्यात. मग 3 नंबर गाळून 2017 मध्ये थेट 4 आलं. मूळ अँग्युलरजेएसचा सपोर्ट 2021 च्या अखेरीस संपला. मधल्या काळात, 2013 मध्ये, फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुलं केलं होतं. त्यात क्लास लिहायला शिकलेल्यांवर 2019 मध्ये हुक्स नावाची नवी पद्धत येऊन आदळली. जुने क्लास अजूनही चालतात म्हणा. पण चालतंय म्हणून चालवणाऱ्या माणसाकडे इंटरव्ह्यूत कसं बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नीट नियोजन केलंत तर अख्खी कारकीर्द एकच टू-डू लिस्ट वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये लिहिण्यात निघून जाईल. खोटं वाटत असेल तर आपला कोड जिथे ठेवलाय ते गिटहब उघडून बघा. प्रत्येक रेपोमध्ये तीच यादी: दूध आणणे, लाइट बिल भरणे, टेस्टिंग शिकणे. बिल तेवढं भरलं गेलंय, तेही बायकोने.

आता एक धोक्याची सूचना. जुन्या गोष्टींपासून चार हात लांब राहा. त्या एकदा आल्या की आल्या, मग निवडायला काही उरत नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं, एसक्यूएलचंच बघा. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा (माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीवरचा) आपला पेपर छापला 1970 मध्ये, म्हणजे इकडे नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली त्याच साली. 1974 मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी त्यावर भाषा मांडली. त्यानंतर वाशी वसली, तिथल्या इमारती जुन्या होऊन पुनर्विकासाला निघाल्या, आणि सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर जिथल्या तिथे. जॉइन म्हणजे काय, इंडेक्स कशाला लावायचा, हे एकदा डोक्यात बसलं तर पुढची वीस वर्षं ते पुसलं जाणार नाही. एवढा कंटाळा कोणी सोसायचा?

ज्यांनी तो सोसला त्यांची काय गत झाली हे बघायचं असेल, तर महापे-ऐरोलीच्या कुठल्याही बँकिंग प्रोजेक्टमध्ये एक काका असतात, त्यांना बघून या. समोर ‘सर’ म्हणायचं, मागे काका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-केसाठी, म्हणजे 2000 सालच्या तारखांच्या घोळासाठी, भरती झाली तेव्हा ते आले. सालाचे दोन आकडे होते तिथे चार करायचे, एवढंच काम होतं. ते झालं, पण काका राहिले. लिहितात कोबोल, जी 1959 मध्ये आखली गेली आणि जिच्यात कोणत्या रकान्यात काय लिहायचं याचे नियम पंच कार्डाच्या काळातले आहेत. सातव्या रकान्यात तारा टाकला की ती ओळ कॉमेंट. डबा स्टीलचा, स्क्रीन काळी-हिरवी.

रात्री बॅच जॉब, म्हणजे रात्रीत आपोआप चालणारं हिशेबाचं काम, मध्येच बंद पडतो. सगळ्यांना झोपेतून उठवून कॉलवर घेतात. क्लाउडवाला म्हणतो नेटवर्क बघा, नेटवर्कवाला म्हणतो क्लाउड बघा, मॅनेजर दर पाच मिनिटांनी ‘एनी अपडेट?’ म्हणतो. काका चष्मा कपाळावर चढवतात, एफ8 दाबत दाबत लॉगमध्ये खाली जातात आणि म्हणतात, ‘सॉक सेव्हन आहे रे. रक्कम पाहिजे तिथे स्पेस आलेत. वरून फाइलच तशी आलीय.’ (सॉक सेव्हन म्हणजे एस-शून्य-सी-सात. आकडा हवा तिथे भलतंच काही सापडलं की मेनफ्रेम, म्हणजे बँकेचा मोठा कॉम्प्युटर, हे म्हणतो.) ते एक रेकॉर्ड बाजूला काढतात, जॉब पुन्हा सोडतात, सकाळी ग्राहकांच्या खात्यांत पैसे जमा. काकांच्या लिंक्डइनवर धड फोटोसुद्धा नाही. याला काय करिअर म्हणायचं?

तुम्ही जाहिराती वाचत जा. नोकरी बदलायची नसली तरी वाचा, झोप उडते. 2020 मध्ये कुठल्याशा जाहिरातीत फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. ते बनवणारे सेबास्टियन रामिरेझ यांनी ट्विटरवर लिहिलं की मला अर्ज करता येत नाही, कारण ते बनवूनच मला दीड वर्ष झालंय. बिचारे. नवी मुंबईत राहत असते तर एखाद्या कन्सल्टन्सीने त्यांचा रेझ्युमे दुरुस्त करून दिला असता.

खरा अनुभव मिळवायचा तो कंपनीच्या खर्चाने. समजा तुमच्याकडे कँटीनच्या कुपनांचं काम आलं. दोनशे माणसं, डेटाबेसमध्ये दोन टेबलं, दोन स्क्रीन. टीममधली ती नवी मुलगी ‘हे मी आठवड्यात करते’ म्हणेल. तिला म्यूट करा. आर्किटेक्चरची मीटिंग लावा आणि बोर्डवर चौकोन काढायला घ्या. कुपन देणं ही एक सर्व्हिस, कुपन फाडणं दुसरी, उरलेल्या पोह्यांचा हिशेब तिसरी. तिघींच्या मध्ये निरोपांची ने-आण करणारं काफ्का बसवा. लिंक्डइनने आपल्याकडच्या माहितीचे लोंढे वाहून न्यायला जी वस्तू बनवली, ती तुमच्या उसळ-पावाला कमी पडणार नाही. मग हे सगळं कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशिनांवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, चढवा. गूगलने 2014 मध्ये ते बाहेर आणलं तेव्हा हजारो मशिनं सांभाळल्याचा अनुभव गाठीला होता. तुमच्याकडे दोन मशिनं आहेत, त्यातलं एक डेमोच्या दिवशी बंद पडणार. हरकत नाही. ‘पण उद्या स्केल करायचं झालं तर?’ हे एक वाक्य तोंडपाठ ठेवा. उद्या अख्खी ऐरोली आपल्या कँटीनला जेवायला आली तर, असा त्याचा अर्थ होतो. पण मीटिंगमध्ये ते कोणी बोलून दाखवत नाही.

काही महिन्यांनी एकेकाचं कुपन दोनदा कापलं जायला लागेल. नीट बंदोबस्त केला नाही तर अशा व्यवस्थेत एकच निरोप दोनदा पोचू शकतो, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं, पण तुम्ही निवडण्यात गर्क होतात. तोवर तुमचा राजीनामा पडलेला असावा. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हँडओव्हरची पीपीटी करायला पुरतो. रेझ्युमेत ओळ येईल, ‘डिस्ट्रिब्युटेड, इव्हेंट-ड्रिव्हन प्लॅटफॉर्मची उभारणी’, आणि त्या ओळीवर पुढच्या ठिकाणी चाळीस टक्के वाढ मागता येते. कँटीनवाल्याने एव्हाना वही काढलेली असेल. ती नवी मुलगी मात्र तिथेच राहील आणि तुम्ही बांधलेलं पुढची दोन वर्षं सांभाळेल. तिला शिकायला मिळतंय, असं म्हणा.

एआयचं काय, हे तुम्ही विचारणारच होतात. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि निवडणाऱ्यांचं भलं झालं. प्रॉम्प्ट इंजिनीअरिंग घ्यावं म्हणेपर्यंत आरएजी (एआयला आपली कागदपत्रं शोधून पुरवणं) आलं, ते कशाशी खातात ते विचारेपर्यंत आपणहून कामं करणारे एजंट आले. ठाणे स्टेशनच्या आसपास जिन्यांच्या तोंडाशी क्लासच्या पाट्या असतात, त्यांच्यावर नजर ठेवा. जिथे एके काळी फ्लॅश असायचं (अडोबीने ते 31 डिसेंबर 2020 ला कायमचं मिटवलं), तिथे पुढे हडूप आलं, मग ब्लॉकचेन, आता जेनएआय. पाटी बदलते, जिना तोच, ‘फी दोन हप्त्यांत चालेल’ म्हणणाऱ्या मॅडमही त्याच. पाटी वाचा, पण खोलात शिरू नका. खोलात मॅट्रिक्सचे गुणाकार आणि प्रोबॅबिलिटी आहे, म्हणजे ज्या पेपराला तुमची केटी लागली होती तोच पेपर. एआय मॉडेलने लिहून दिलेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायला तो वाचता यावा लागतो, असंही काका म्हणत होते. जॉब पडल्यावर रात्री फोन मॉडेलला जात नाही, मलाच येतो, असंही म्हणाले. त्यांचं काय, ते जुन्या वळणाचे.

एवढं सगळं पचलं की तुमच्याकडे सल्ला मागायला लोक येतील. मावशीचा मुलगा सेकंड इयरला असतो, तो सुट्टीत विचारतो, ‘दादा, मी काय शिकू?’ त्याला गेल्या आठवड्यात तुम्ही अर्धवट सोडलेली टेक्नॉलॉजी सांगा, पुढच्या आठवड्यात दुसरी सांगा. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतात त्याचं काय, असं त्याने विचारलं तर ‘ते परीक्षेपुरतं’ म्हणून वाटेला लावा. आणि तो जर ‘एसक्यूएल नीट करून घेऊ का?’ म्हणाला, तर मावशीला चहा टाकायला सांगून विषय बदला. पोराला थर्ड इयरलाच इंटर्नशिप लागली, तर मावशीचा फोन आधी तुमच्या आईला जाईल.