‘सेल्फ मारा, प्रेशर आपोआप येतं’? कोरड्या इंजिनात नाही

नव्याने बांधलेल्या इंजिनाबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो: प्रायमिंगच्या, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधी आत सगळीकडे ऑइल पोचवण्याच्या, भानगडीत पडू नका, बेअरिंगांना असेंब्ली ल्यूब (जोडणी करताना लावायचं चिकट वंगण) लावलेलं असतं, चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल भरा, सेल्फ मारा, दोन-चार सेकंदांत ऑइलचं प्रेशर येतं आणि ऑइलचा लाइट विझला की झालं. यातला प्रत्येक तुकडा अर्धवट खरा आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

‘दोन-चार सेकंद’ हे ऑइल बदललेल्या चालत्या गाडीला लागू होतं. तिथं पंप आतून ओला असतो. बांधलेल्या इंजिनात सक्शन पाइप, पंप, फिल्टर, ब्लॉकमधल्या गॅलऱ्या (ऑइलच्या वाटा), क्रँकमधली भोकं, सगळं कोरडं ठणठणीत. पंपाचे गिअर आणि बॉडी यांच्यातली बारीक फट ऑइलनंच बंद होते. ते नसलं की ओढलेली हवा त्याच फटीतून मागे निसटते आणि चेंबर भरलेला असूनही पंप ऑइल उचलत नाही. म्हणून पंप बसवतानाच आत ऑइल ओतून तो हाताने फिरवायचा. जुन्या रोव्हर व्ही-8सारख्या इंजिनांत गिअरभोवती पेट्रोलियम जेली भरतात. जेलीच, ग्रीस नव्हे! ऑइल तापलं की जेली वितळून त्यात मिसळते. ग्रीस मात्र फिल्टरमध्ये अडकून बसू शकतं.

असेंब्ली ल्यूब हवंच, पण ते पहिल्या काही फेऱ्यांपुरतं. चालू इंजिनात बेअरिंगच्या कडांनी ऑइल सतत बाहेर पडतं आणि जाताना उष्णताही नेतं. मागून भरणा झाला नाही तर धातूला धातू लागतो. आयडलला 800 आरपीएम धरले तरी दहा सेकंदांत क्रँकच्या 130हून जास्त फेऱ्या होतात.

पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालत असेल तर काम सोपं आहे. डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी रॉड घालायचा आणि ड्रिलने पंप फिरवायचा, आधी फिरण्याची दिशा तपासून. सुरुवातीला ड्रिल मोकळं भिरभिरतं. मग एकदम आवाज जड होतो, मनगटाला पीळ बसतो आणि गेजचा काटा उठतो. तो क्षण हाताला कळतो, चुकत नाही.

क्रँकवरच बसलेल्या पंपाला ड्रिल लावता येत नाही. तिथं प्रेशर स्विचच्या भोकातून प्रेशर टँकने ऑइल भरणं उत्तम. नाहीतर स्पार्क प्लग काढायचे, इग्निशन आणि इंधन बंद करायचं, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये मोटर थंड होऊ द्यायची. कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगांवर भार कमी येतो. म्हणजे सेल्फ मारणं चूक नाही, प्रेशर येण्याआधीच प्लग लावून इंजिन सुरू करणं चूक आहे. अपवाद फ्लॅट टॅपेटच्या नव्या कॅमचा, जिथं सपाट टॅपेट कॅमच्या उंचवट्यांवर (लोबवर) थेट घासतो: सेल्फच्या संथ गतीत लोबवरचं ल्यूब पुसलं जातं, म्हणून तिथं ड्रिल किंवा टँकच वापरावा.

राहिला लाइट. बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याआधीच विझतो, आणि स्विच जिथं बसलाय तिथली बातमी देतो, त्यापुढची नाही. माझ्याच एका इंजिनात लाइट विझल्यावरही मागच्या दोन रॉकरांवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइलचा थेंब नव्हता. व्हॉल्व्ह कव्हर उघडंच होतं म्हणून दिसलं. ड्रिल चालू ठेवून क्रँक पाव-पाव फेरी फिरवली, टॅपेटची भोकं गॅलरीसमोर आली, तेव्हा तिथून ऑइल पाझरलं. मग कव्हर बसवलं.