सैल सोडा

रविवारी दाभोळच्या धक्क्याला एक होडी दोरावर लोंबकळत होती. ती मी बांधली होती. सोलापुरात हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण साडूभाऊंनी व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि मी एसटीतून उतरायच्या आत तो आमच्या गल्लीत पोचला.

कुणी विचारत नाही तो भाग आधी सांगतो. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी उजव्या हाताला अंजनवेलचा गोपाळगड, डावीकडं दाभोळ, आणि मधे पाण्याखाली वाळू साचलेली. भरती चढत असतानाच तिथून आत शिरायचं. ओहोटीचं पाणी बाहेर निघालं आणि समुद्रावरचा वारा त्याला समोरून भिडला की दोघांची जुंपते, लाटा उभ्या राहतात. आम्ही अकराच्या सुमारास, वारा पाठीशी घेऊन, शीड फुगवून शिरलो. सुकाणू माझ्या हातात होतं. धक्क्याला लागताना होडी वळवून धारेला तोंड दिलं. मग पाणीच ब्रेक लावतं. साडूभाऊ 'वा!' म्हणाले. त्या 'वा!'चा व्हिडिओ नाही.

मग दोर माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "सैल सोडा हां."

सैल? आमच्याकडं स्कूटरवर सिलिंडरसुद्धा हूं की चूं करणार नाही असा बांधतात. पुढचा-मागचा दोर मी पाय लावून आवळला. अमावास्येचं उधाण, बाराला पूर्ण भरती. आम्ही बांगडे खाऊन झोपलो. सहाला येऊन बघतो तर पाणी दोन-अडीच मीटर खाली आणि होडी कुशीवर, अधांतरी. माझा शेंगाचटणीचा डबा चिखलात उताणा पडलेला. एक खेकडा जवळ आला, चटणीत पाय घातला आणि आडवा पळाला. गाठ काही सुटेना. शेवटी कोयतीनं दोर तोडला. दोर नवा होता, हे साडूभाऊंनी तीनदा सांगितलं.

सोमवारी चहाच्या गाड्यावर नाना. यंत्रमागावरून निवृत्त झाल्यापासून नळाला पाणी कधी आलं याची वही ठेवतात.

"का बे, होडी वाळत घातलीस म्हणं?"

"ओहोटी होती, नाना. पाणी गेलं."

"आलं कधी होतं?"

"बाराला फुल. सहाला गेलं. परत रात्री बाराच्या पुढं."

नानांनी कप खाली ठेवला. "दिवसात दोनदा?"

"रोज. दुसऱ्या दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा, एवढंच."

"अन् आधी कळतंय?"

"तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर तीनला पूर्ण भरती."

"चावीवाला कोण हाय तिथं?"

"चंद्र."

"नंबर हाय का त्याचा?"

"नाना, खारं पाणी असतं ते."

"असू दे की. संडासाला चालतंय." मग डोळे बारीक करून, "दिवसात दोनदा पाणी, टायमावर, अन् तरी तू अडकलास? आमी पाच दिवसांच्या पाण्यात लग्नं काढली बे."

लोक हसले, मीही हसलो. पण मला खरंच राग आला, आणि नानांचा नव्हे. 3,84,000 किलोमीटरवरचा चंद्र तिथी बघून पाणी सोडतो. आमचं उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, 117 टीएमसीचं. ते काठोकाठ भरल्याचे फोटो बहुतेक वर्षी पेपरात बघायचे आणि घरात बादल्या मोजायच्या. पाहुणे आले की आधी मुक्काम किती दिवस ते विचारायचं. बायको रात्री नळाखाली रिकामं पातेलं ठेवून झोपते, थेंबांच्या आवाजानं जाग यावी म्हणून. या पाण्याचं कुठलंही पंचांग नाही.

काल रात्री अडीचला दारावर थापा. "उठ बे! भरती आली!" नाना, बनियनवर, हातात बॅटरी. आता अख्खी गल्ली पाण्याला भरतीच म्हणते. मी डोळे चोळत अंगणातल्या नळाला पाइप लावला, दोरी गुंडाळली आणि साडूभाऊंचं ऐकून, या वेळी मुद्दाम, सैल सोडली. पाण्याला जोर आला तसा पाइप फटकन निसटला आणि नाना नखशिखांत भिजले.

"घट्ट बांधायचं की बे!" ते ओरडले.