खुलासा : 15 वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात जात नाही

“एमएच 09 पासिंगच्या 15 वर्षांवरच्या सगळ्या गाड्या आरटीओ जप्त करून भंगारात काढणार” असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. तो चुकीचा आहे. उद्यमनगरात चांगल्या चालत्या जुन्या गाड्या लोक घाबरून मिळेल त्या भावात विकायला काढताहेत, म्हणून लिहितोय.

दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा न्यायालयीन आदेशांनी आली. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करायचा नियमही खरा आहे. या दोन्हींची खिचडी करून कुणीतरी आपल्या माथी मारलीय.

खाजगी गाडीचं आरसी कार्ड बघा, नोंदणी कधीपर्यंत वैध ते त्यावर छापलेलं असतं. ती तारीख संपायच्या आधीच्या 60 दिवसांत नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरा, पर्यावरण कर भरा, गाडी तपासून घ्या. पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात, आणि नंतर पुन्हा. कारच्या नूतनीकरणाची फी मात्र 2022 मध्ये 600 रुपयांवरून एकदम 5000 झाली, हे मला जास्तच वाटतं. पण ती जप्ती नव्हे.

तो मेसेज पुढे पाठवू नका; आलाच तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.