पैसा कथा गया? आधी तो आला होता का, ते पाहू

पावसाळा सरत आला की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. कधी अमळनेरच्या नावाने, कधी शहाद्याच्या, कधी रावेरच्या. गावाचं नाव तेवढं बदलतं. मजकूर थोडक्यात असा: गाडी घेताना आपण रोड टॅक्स भरतो, तो रस्त्यासाठीच असतो. आमदारांच्या बॅनरवर कोट्यवधींचा निधी आल्याचं लिहिलेलं असतं, रस्ता मात्र दिसत नाही, म्हणजे आलेला पैसा खाल्ला. कोकणात सावित्रीवरचा पूल १६५ दिवसांत उभा राहतो, आपल्याकडे वर्षानुवर्षं काही हलत नाही. सातपुड्याला तर सरकारने दमडी दिली नाही. सगळं पश्चिम महाराष्ट्र घेऊन जातो.

राग रास्त आहे. पण हिशेब जवळपास प्रत्येक ओळीत चुकलेला आहे, आणि तो चुकल्यामुळे ज्यांना उत्तर द्यावं लागलं असतं ते आरामात सुटतात.

बॅनरपासून सुरुवात करू, कारण मुख्य घोळ तिथेच आहे. ‘२५ कोटींचा निधी मंजूर’ असं फ्लेक्सवर झळकतं तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं की ते काम अर्थसंकल्पाच्या किंवा पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात छापलं गेलं. पुस्तकात कामाची एकूण किंमत एका रकान्यात असते आणि त्या वर्षाची तरतूद दुसऱ्या. फ्लेक्सवर पहिला रकाना जातो. दुसऱ्या रकान्यातला आकडा कधीकधी इतका किरकोळ असतो की तो छापायला फ्लेक्सवालाही लाजेल. विकास सोसायटीचं पीककर्ज मंजूर झालं म्हणजे ते खात्यात पडलं, असं आपल्याकडचा कोणताही शेतकरी समजत नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण लगेच फटाके वाजवतो.

पुस्तकात नाव आल्यावर प्रशासकीय मान्यता लागते, मग सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ठेकेदार काम सुरू करतो ते स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर. झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत चढतं, बिल तयार होतं आणि बीम्सवर निधी पडायची वाट बघणं सुरू होतं. बीम्स ही राज्याची निधी वाटपाची संगणकीय प्रणाली. तिथे रक्कम दिसेपर्यंत बिल निघत नाही, आणि बिलच निघालं नाही तर त्यातून खाणार काय?

समजा रस्ता १० कोटींचा आहे आणि पहिल्या वर्षाची तरतूद ५० लाखांची. ठेकेदार माती-मुरूम आणि खडीकरण उरकतो आणि बिल अडकलं की रोलर-टिप्पर उचलून दुसऱ्या साईटवर नेतो. मागे उरते ती उघडी खडी. तिच्यावरून दोन पावसाळे आपण मोटारसायकली घसरवतो आणि पैसा खाल्ला म्हणतो. तिथे बहुधा पैसा पोहोचलेलाच नसतो.

हे एखाद्या तालुक्याचं दुखणं नाही. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्याच वर्षी ठेकेदारांच्या संघटनांनी राज्याकडे सुमारे ८९ हजार कोटींची बिलं थकल्याचा दावा केला. आकडा संघटनांचा आहे आणि त्यात जलजीवनसारख्या इतर योजनांचीही बिलं आहेत, म्हणून तो जसाच्या तसा रस्त्यांच्या नावावर टाकू नये. पण निम्मा धरला तरी कामं मंजूर करण्याचा वेग आणि तिजोरीची ताकद यांचा मेळ बसत नाही, हे दिसतं.

टक्केवारी चालत नाही, असं मी म्हणत नाही. खान्देशात राहून तसं म्हणणारा एक तर परगावचा असेल किंवा ठेकेदाराचा जावई. पण चोरीसाठी आधी माल यावा लागतो. नसलेल्या पैशाची कामं पुस्तकात छापायची, भूमिपूजन करायचं आणि बिलाचं ओझं पुढच्या सरकारवर ढकलायचं, हा प्रकार चोरीहून मोठा आहे, आणि तो पूर्ण कायदेशीर व सर्वपक्षीय आहे. ‘खाल्ला’ म्हटलं की संशय शाखा अभियंत्यावर जातो. मंजुऱ्या वाटणारा व्यासपीठावर बसून राहतो.

रोड टॅक्सचा मुद्दा लवकर संपतो. १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली राज्य हा कर घेतं. पेट्रोल कारवर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेल कारवर १३ ते १५. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, आणि त्याच निधीतून शिक्षकांचा पगार, कर्जावरचं व्याज, पेन्शन असं सगळं जातं. रस्त्यासाठी वेगळी बांधून ठेवलेली रक्कम पाहायची असेल तर ती पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्राच्या उपकरात आहे. त्यातला काही भाग राज्याच्या रस्त्यांसाठी परत येतो. बॅनरवर ‘सीआरएफमधून’, म्हणजे केंद्रीय रस्ते निधीतून, असं लिहिलेलं असतं ते हेच. गाडीवरचा करही रस्त्यावरच खर्च व्हावा अशी मागणी करायला काही हरकत नाही, पण ‘तो रस्त्यासाठीच असतो’ हे विधान चूक आहे.

पुढची चूक मजकुरात लिहिलेलीही नाही, गृहीत धरलेली आहे: प्रत्येक खड्डा राज्य सरकारचा. धुळ्याहून जळगावकडे जाणारा रस्ता, ज्याला लोक अजून ‘सहा नंबर’ म्हणतात आणि जो आता ५३ आहे, तो केंद्राचा. फागणे-तरसोद आणि तरसोद-चिखली या टप्प्यांचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. सोनगीर-शिरपूरमार्गे इंदूरकडे जाणारा आग्रा रोडही केंद्राचाच. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. जळगाव शहरातली गल्ली महापालिकेची. तिथे अमृत योजनेच्या पाइपलाइनसाठी रस्ते खोदले गेले तेव्हा शिव्या मात्र मुंबईपर्यंत सगळ्यांना बसल्या. गोंधळ व्हावा अशीच रचना आहे म्हणा. अजिंठ्यामार्गे संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्याने जळगावकरांचे मणके ढिले केले, तेव्हा तो झाला होता राष्ट्रीय महामार्ग, पैसा केंद्राचा, आणि काम बघणारा विभाग राज्याच्या बांधकाम खात्याचा. तक्रार कोणाकडे करायची ते किलोमीटरच्या दगडावरून थोडंफार कळतं: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. दगड जागेवर असेल तर.

बरं, रस्ता झाला, बिलही निघालं आणि वर्षात उखडला, तर मग ‘खाल्ला’ म्हणावं का? कधीकधी हो. पण तापी-गिरणेच्या काठची काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर मुरमाचा आणि खडीचा थर पुरेसा जाड नसेल किंवा बाजूला गटार नसेल, तर वरचं कारपेट कितीही चांगलं असलं तरी टिकत नाही. त्यात वाळूचे डंपर. रस्त्याचं नुकसान वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून आलेला आणि अभियंते आजही ढोबळमानाने वापरतात तो नियम चौथ्या घाताचा आहे: आसावरचं वजन दीडपट झालं तर नुकसान सुमारे पाचपट, दुप्पट झालं तर सोळापट. गिरणेतून रात्री भरून निघणारा एक डंपर दिवसभरातल्या सगळ्या मोटारसायकलींपेक्षा रस्त्याचं जास्त वाटोळं करतो. त्या डंपरबद्दल ग्रुपवर मजकूर फिरत नाही. कारण? तो कोणाचा असतो ते गावाला ठाऊक असतं.

इथे बजेटमधलीही एक गोष्ट येते. भांडवली कामाचं लेखाशीर्ष ५०५४, देखभाल-दुरुस्तीचं ३०५४. नव्या कामाला नारळ फुटतो, फोटो येतो. साईडपट्टी भरणं, मोरीतला गाळ काढणं, फरशी पुलाच्या कडा बांधणं याला नारळ फुटत नाही, म्हणून ३०५४ साठी मुंबईत कोणी भांडत नाही. पुलांचं तर फार वाईट होतं. पूल मधोमध क्वचित तुटतो. आधी खचतो तो दोन्ही बाजूंचा भराव, आणि तो खचतो पाणी कुठून तरी आत शिरल्यामुळे. वेळच्या वेळी पिचिंग, म्हणजे भरावाच्या उताराला दगड बसवणं, झालं असतं तर जे थोडक्यात भागलं असतं, त्यासाठी नंतर नवा पूल ‘मंजूर’ करावा लागतो.

आता सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, माणसं गेली, आणि नवा पूल १६५ दिवसांत झाला. खरं आहे. पण तो मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरचा पूल होता, पैसा केंद्राचा, आणि देशभराचं लक्ष लागलेलं. त्याची तुलना जळगावच्या शिवाजीनगर पुलाशी होते. रेल्वेवरचा तो जुना पूल २०१९ मध्ये पाडायला घेतला. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार बांधकाम खात्याचे, जमीन शहराची आणि मध्ये विजेचे खांब. खांब हलवण्याचा खर्च कोणी द्यायचा यावरच किती दिवस गेले! पलीकडच्या लोकांनी रूळ ओलांडत दिवस काढले. हा उशीर पैशाअभावी झाला असं म्हणणं मला पटत नाही. चार खात्यांना एका टेबलावर बसवणारा माणूस नव्हता.

‘सगळं पश्चिम महाराष्ट्राला’ म्हणणाऱ्यांनी कुंडमळ्याचा पूलही आठवावा. पुणे जिल्ह्यात इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल १५ जून २०२५ ला कोसळला, ४ जण गेले. त्या जागी नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी आधीच मंजूर होते. मंजुरी पुण्यातही पूल उभा करत नाही.

सातपुड्याबाबत मजकूर अर्धवट खोटा आहे, आणि खरी गोष्ट जास्त संतापजनक आहे. दमडी दिली नाही हे खोटं. आदिवासी उपयोजनेतून रस्त्यांना पैसा येतो, ग्रामसडक योजना आहेत, आणि २०२३ मध्ये वाड्या-पाडे जोडण्यासाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना ५ हजार कोटींची म्हणून जाहीर झाली. तरीही धडगाव-अक्कलकुव्यात पावसाळ्यात बाळंतीण बांबूच्या झोळीत निघते. लोकांनी त्याला ‘बांबूलन्स’ नाव पाडलं आहे. चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोदा-धडगाव वाट बंद होते, आणि देवगोई घाटाने मोलगीकडे जाणाऱ्यांचा जीवही पाऊस असेपर्यंत टांगणीलाच असतो.

पैसा कागदावर असून असं का? एक तर लोकसंख्येची अट. ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० आणि आदिवासी-डोंगरी भागात २५० लोकवस्तीची मर्यादा धरतात. सातपुड्यातला पाडा म्हणजे टेकडीवर दहा-बारा घरं, पुढच्या टेकडीवर आणखी सात. तो यादीत बसतच नाही. दुसरं, वनजमीन. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी १ हेक्टरपर्यंत जमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर. १० मीटर रुंदीची पट्टी धरली तर १ हेक्टर म्हणजे १ किलोमीटर. पाडा ४ किलोमीटर आत असेल, तर १९८० च्या वन कायद्याखालचा लांबलचक प्रस्ताव आला. तिसरं, हंगाम. पाऊस थांबून चिखल वाळेपर्यंत मशिनरी वर चढत नाही, आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. मग सोपे, खालच्या पट्ट्यातले, आधीच रस्ता असलेले तुकडे पुन्हा डांबरी होतात आणि खर्चाचा तक्ता भरतो. नंदुरबारच्या लोकांनी विचारायचं ते हे: वरच्या पाड्यांच्या नावाने आलेल्या रकमेतली किती खालच्या रस्त्यांवर गेली?

राहिला खान्देशावरच्या अन्यायाचा प्रश्न, आणि इथे मी मजकूरवाल्याच्या बाजूने आहे, फक्त कारण वेगळं आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली ती तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. जळगाव आणि धुळे तिसऱ्यात, आणि १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबारही तिथेच. म्हणजे सातपुड्यातलं अक्राणी (धडगाव) आणि पुण्याला लागून असलेलं हवेली एकाच ताटात. अनुशेष, म्हणजे राहून गेलेल्या विकासाची तूट, विभागवार मांडला की पुणे-कोल्हापूरची सरासरी आपल्या नावावर चढते आणि खान्देश मागास दिसतच नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला होता, आणि त्यात रस्तेही होते. पुढे राज्यपालांचे निर्देश विभागवार निघू लागले, आणि एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदतही संपली.

म्हणून मागणी असावी ती जिल्हावार आकड्यांची: ५०५४ आणि ३०५४ मध्ये तीन जिल्ह्यांना किती मंजूर झाले, किती तरतूद झाली आणि बीम्सवर प्रत्यक्ष किती पडले. एका रस्त्यापुरतंही हे विचारता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्यातच मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीखही मागा, कारण त्या तारखेच्या आत रस्ता उखडला असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि बहुतेक गावांना ती तारीख उलटून गेल्यावर कळते.