जपानचे उदाहरण नेमके काय सांगते : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून आभाराच्या दोन ओळींवर न थांबता सवडीने उत्तर देत आहे. ‘लोकशाही बाहेरून कधीच रुजवता येत नाही, त्यामुळे ते परराष्ट्र धोरणाचे उद्दिष्ट असू नये’ या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : जपानने ते विधान खोटे ठरवले आहे, आणि अशा लिखाणामुळे हुकूमशहांच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

‘कधीच’ हा शब्द मी मागे घेतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये युद्धात हरलेल्या जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखालच्या मंडळींनी जपानच्या राज्यघटनेचा मसुदा जेमतेम आठवडाभरात लिहून काढला, हे खरेच आहे. त्यांच्यातली २२ वर्षांची बिआते सिरोटा जीप घेऊन टोकियोतील ग्रंथालये पालथी घालत देशोदेशींच्या राज्यघटना गोळा करत होती. विवाहात स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारे कलम मुळात तिच्या लेखणीतून उतरले. मात्र त्याच टोकियोत फुसाए इचिकावा १९२० च्या दशकापासून स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडत होत्या. (पुढे अमेरिकी अमलातच त्यांना काही वर्षे सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्यात आले, हा भाग निराळा.) देशात १८९० पासून संसद होती, पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार १९२५ मध्येच मिळाला होता, आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या होत्या. मसुदा परक्यांचा असला तरी त्यावर वाद घालून दुरुस्त्या करणाऱ्या सभागृहात या स्त्रिया बसलेल्या होत्या, आणि दैनंदिन कारभारही बव्हंशी जुन्याच जपानी प्रशासनामार्फत चालू होता.

इराकमध्ये नेमके इथेच घोडे पेंड खाते. मे २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेले तिथले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या पहिल्या दोन आदेशांनी सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकऱ्यांतून काढले आणि सैन्य बरखास्त केले. म्हणजे राज्य चालवण्याचा अनुभव आणि हातातली शस्त्रे घेऊन माणसे एकाच महिन्यात रस्त्यावर आली. जानेवारी २००५ च्या मतदानात जांभळी शाई लावलेली बोटे जगभर झळकली, परंतु सुन्नी समाज मोठ्या प्रमाणावर त्यापासून दूर राहिला होता, आणि त्यातून निवडून आलेल्या सभेकडेच राज्यघटना लिहिण्याचे काम होते. मसुदा कोणी लिहिला यापेक्षा त्यावर भांडायला कोण हजर होते, हे मला अधिक निर्णायक वाटते.

हुकूमशहांच्या कोलिताविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक व्हावी म्हणून अमेरिकेने आग्रह धरला. निरीक्षकांनी मतदान निर्वेध झाल्याचे सांगितले. हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या आणि अमेरिका व युरोपीय संघाने नव्या सरकारची थेट मदत रोखली. हमासची हिंसा पाहता त्या निर्णयामागची कारणे मला समजतात. पण ‘निकाल आमच्या सोयीचा असेल तरच निवडणूक’ हा अर्थ अरब राजवटींनी आणि त्यांच्या विरोधकांनीही त्यातून काढला, आणि असला युक्तिवाद त्यांना पुरवण्याची ताकद माझ्यासारख्याच्या लेखात नाही.

भारताने म्यानमारबाबत काय करावे, हेही आपण विचारले आहे. १९८८ मध्ये भारताने तिथल्या लोकशाहीवादी आंदोलनाला उघड सहानुभूती दाखवली आणि पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आश्रय दिला. नव्वदच्या दशकात ईशान्येतील बंडखोर आणि चीनचा वाढता वावर यांच्याकडे पाहून दिल्लीने लष्करशहांशी जुळवून घेतले. ती माघार सर्वस्वी चुकीची होती, असे मी म्हणणार नाही, कारण १,६०० किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या शेजाऱ्याशी अबोला धरणे दिल्लीला परवडणारे नव्हते. परंतु तिथल्या २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर निर्वासितांना रोखण्याच्या सूचना केंद्राकडून आल्या, तरी मिझोरमने म्यानमारमधून आलेल्या चिन जमातीच्या लोकांना गावागावांत थारा दिला. धोरण म्हणून मी जे मागतो आहे ते एवढेच आहे : म्यानमारमध्ये सरकार कोणाचे असावे हे दिल्लीने ठरवू नये, पण तिथून जीव घेऊन पळालेल्या माणसाला मिझोरममधल्या चांफायच्या सीमेवरून परत पाठवू नये.